अठराव्या वाढदिवसाला ती कुठे होती, यावर सगळं अवलंबून आहे

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचा आहे. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या घरी फॉस्टर केअरमधून (म्हणजे आईवडिलांकडे राहू न शकणाऱ्या मुलांना राज्य दुसऱ्या घरी ठेवतं त्या व्यवस्थेतून) एक मुलगी राहायला आली. गेल्या एप्रिलमध्ये तिला अठरा पूर्ण झाली, आणि ऑगस्टमध्ये ती कॉलेजसाठी टेक्सासला जाणार आहे. तिला दमा आहे, शिवाय चिंतेच्या त्रासासाठी एक गोळी रोज चालू आहे. ताई विचारतात: न्यू जर्सीचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, तिकडे चालेल का? टेक्सासमध्ये एकट्या तरुण माणसाला मेडिकेड मिळतच नाही म्हणतात, ते खरं का? नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात तिला घेता येईल का? आणि आता तिला रीतसर दत्तक घेतलं, तर तिचं मेडिकेड बंद होईल का?

ताई, मी डॅलसजवळच्या एका सामुदायिक दवाखान्यात सतरा वर्षं लोकांचे मेडिकेडचे अर्ज भरून देते. तुमची लेक ज्या रांगेत येऊन उभी राहणार, त्या रांगेच्या या टोकाला माझं टेबल आहे. म्हणून आधी थेट उत्तर देते आणि मग खोलात जाते. न्यू जर्सीचं कार्ड इथे नेहमीच्या डॉक्टरकडे चालणार नाही. टेक्सासमध्ये तिला मेडिकेड मिळेल, सव्वीस वर्षांची होईपर्यंत मिळेल, आणि तिची कमाई किती हे त्यासाठी कोणी विचारणार नाही. दत्तक घेतल्याने ते जाणार नाही. फक्त ते आपोआप मिळत नाही. तिने इथे येऊन नव्याने अर्ज करायचा, आणि त्या अर्जातल्या एका प्रश्नाला बरोबर उत्तर द्यायचं.

तो प्रश्न कोणता, हे कळायला हा हक्क कुठून आला ते माहीत असावं. फॉस्टर केअरमधल्या मुलांची कायदेशीर जबाबदारी राज्याकडे असते, आणि त्यामुळे जवळजवळ सगळ्यांना मेडिकेड असतंच. पूर्वी अठरावा वाढदिवस झाला की घरही जायचं आणि विमाही. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेतला हप्ता अठराव्या वर्षी थांबतो, तसंच. १९९९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, राज्यांना मुभा दिली की हवं तर या मुलांना एकवीस वर्षांपर्यंत मेडिकेड द्या. सिनेटर जॉन चेफी यांच्या नावावरून त्याला अजून चेफी मेडिकेड म्हणतात. पण ती मुभाच होती. काही राज्यांनी घेतली, काहींनी नाही.

मग २०१० चा ओबामांचा आरोग्य कायदा आला. त्यात एक तरतूद सगळ्यांना ठाऊक आहे: आईवडिलांच्या विम्यात मुलांना सव्वीस वर्षांपर्यंत राहता येतं. तिच्या शेजारीच दुसरी, फारशी कोणाला न दिसलेली तरतूद होती. ज्यांचे पालक म्हणजे राज्यच, त्यांचं काय? त्यांना राज्याने आपल्या विम्यात, म्हणजे मेडिकेडमध्ये, सव्वीसपर्यंत ठेवावं. १ जानेवारी २०१४ पासून हे सगळ्या राज्यांवर बंधनकारक झालं. अटी दोन. अठरा पूर्ण होताना (किंवा ज्या राज्यात फॉस्टर केअर त्यापुढेही चालतं तिथे त्या वाढीव वयाला) ती व्यक्ती राज्याच्या फॉस्टर केअरमध्ये असली पाहिजे, आणि त्या काळात तिला मेडिकेड असलं पाहिजे. उत्पन्नाची अट नाही, बचतीची नाही. नोकरी लागली, पगार वाढला, तरी हा हक्क तसाच राहतो. अर्थात त्या राज्यात राहत असणं आणि नागरिकत्व किंवा इमिग्रेशनच्या नेहमीच्या अटी या मेडिकेडच्या प्रत्येकाला लागू असतात, तशा इथेही असतात.

टेक्सासबद्दल तुम्ही जे ऐकलंत ते या हक्काच्या बाहेरच्या लोकांसाठी खरं आहे. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मेडिकेड सगळ्या गरीब प्रौढांपर्यंत वाढवायचं की नाही हे राज्यांच्या मर्जीवर राहिलं. चाळीस राज्यांनी आणि वॉशिंग्टन डीसीने वाढवलं, दहांनी नाही. टेक्सास त्या दहांपैकी आहे. मूल नसलेल्या, गरोदर नसलेल्या, अपंगत्व नसलेल्या, पासष्टच्या आतल्या प्रौढ माणसाला इथे कितीही गरिबी असली तरी मेडिकेड मिळत नाही. न्यू जर्सीत बावीस वर्षांच्या गरीब मुलीला तीन दारं असतील, तर इथे हे एकच आहे. म्हणून तुमच्या लेकीने फॉस्टर केअरचा मार्ग सोडून दुसऱ्या कुठल्याही गटात अर्ज केला, तर एकोणीस पूर्ण झाल्यावर उत्तर सहसा नकाराचंच येणार. आणि तो नकार कागदावर इतका रीतसर दिसतो की मुलं तो खरा मानतात आणि पुन्हा येत नाहीत.

राज्य ओलांडण्याचा मुद्दा मात्र बरीच वर्षं खरोखर अडलेला होता. कायद्यातल्या शब्दांचा अर्थ असा लावला गेला की ज्या राज्यात तू फॉस्टर केअरमध्ये होतीस त्याच राज्यावर ही जबाबदारी आहे. आईबापांचा विमा असलेला मुलगा शिकायला कुठेही गेला तरी त्याचं नातं तुटत नव्हतं. राज्याचं मूल सीमा ओलांडलं की अनाथ होत होतं.

२०१९ मधली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. शेजारच्या राज्यातून गोदामाच्या नोकरीसाठी आलेला वीस वर्षांचा मुलगा समोर बसला होता. दोन वाक्यं बोलला की थांबून श्वास घ्यायचा. खिशातून त्याने निळा इन्हेलर काढून टेबलावर ठेवला, मागच्या बाजूला डोस मोजणारी खिडकी असते ती माझ्याकडे वळवली. तिथे शून्य होतं. शून्यावरही फवारा उडतो, त्यात औषध असतं की नसतं सांगता येत नाही. तो तसाच आठवडाभर ओढत होता. अठरा पूर्ण झाली तेव्हा तो फॉस्टर केअरमध्ये होता, कार्ड होतं, सगळ्या अटी बसत होत्या. फक्त राज्य दुसरं होतं. मी अर्ज भरला, नकार आला, अपील केलं, पुन्हा नकार. कायदाच तसा होता, म्हणून मेडिकेड कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंचाही इलाज नव्हता. आमच्या दवाखान्याच्या सवलतीच्या दरात आम्ही त्याला औषध दिलं. आपत्कालीन विभागाचं जे बिल त्याच्या नावावर आधीच चढलं होतं, ते काही आम्हाला उतरवता आलं नाही.

हे दुरुस्त झालं ते २४ ऑक्टोबर २०१८ ला सही झालेल्या सपोर्ट कायद्याने. तो कायदा मुळात अफूजन्य औषधांच्या व्यसनाच्या साथीसाठी होता, त्यात हे कलम होतं. पण त्याची अंमलबजावणी पुढची ठेवली: १ जानेवारी २०२३ ला किंवा त्यानंतर ज्यांना अठरा पूर्ण झाली, त्यांनाच दुसऱ्या राज्यात हा हक्क बंधनकारक. तुमच्या लेकीचा वाढदिवस त्यानंतरचा आहे, म्हणून टेक्सास तिला नाही म्हणू शकत नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला अठरा झालेला मुलगा मात्र अजूनही नव्या राज्याच्या मर्जीवर आहे. काही राज्यांनी केंद्राची खास परवानगी काढून अशांनाही घेतलं आहे. बाकीच्यांसाठी ही रेघ २०३० संपेपर्यंत, त्या शेवटच्या मुलालाही सव्वीस पूर्ण होईपर्यंत, राहणार. इतक्या लांबची तारीख ठेवण्यात कोणाचं भलं झालं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता अर्जातला तो प्रश्न. ऑनलाइन अर्जात सव्वीसच्या आतल्या अर्जदाराला विचारतात, तू कधी फॉस्टर केअरमध्ये होतीस का? हो म्हटलं की पुढे विचारतात: कोणत्या राज्यात, बाहेर पडलीस तेव्हा वय किती, तेव्हा मेडिकेड होतं का. मुलं इथे ‘नाही’ लिहितात. का, ते तुम्हाला मी सांगायला नको. नव्या गावात, नव्या मैत्रिणींमध्ये, कॉलेजच्या लॅपटॉपवर बसून तो शब्द पुन्हा स्वतःच्या नावापुढे लावायची तिची इच्छा नसते. काहींना वाटतं, मी आता फॉस्टर केअरमध्ये नाही, मग ‘हो’ कसं म्हणू? तिला जाण्याआधीच सांगा की हा प्रश्न भूतकाळाचा आहे, आणि याच उत्तरावर तिचा सव्वीसपर्यंतचा विमा उभा आहे. फोनवर अर्ज करायचा तर टेक्सासमध्ये २११ लावायचा, आणि पहिल्याच वाक्यात ‘मी न्यू जर्सीतून फॉस्टर केअरमधून आलेली आहे’ असं सांगायचं.

पुरावा म्हणून एक पत्र लागतं. ती फॉस्टर केअरमध्ये होती असं सांगणारं अधिकृत पत्र देणं २०१८ पासून केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, ओळखपत्र, विम्याची माहिती आणि वैद्यकीय नोंदी याही अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हातात द्यायच्या असतात. केसवर्कर (मुलाची केस सांभाळणारी सरकारी कर्मचारी) चांगली असेल तर हे सगळं एका फोल्डरमध्ये येतं. पुष्कळदा येत नाही. तुमच्या हातात पत्र नसेल तर याच आठवड्यात मागा, ई-मेलने मागा, आणि त्यात फॉस्टर केअरच्या सुरुवातीची नि शेवटची तारीख आणि त्या काळात मेडिकेड चालू होतं हे वाक्य असू द्या. केसवर्कर बदलतात. दोन वर्षांनी तुम्ही फोन कराल तेव्हा तिला ओळखणारं तिथे कोणी नसेल.

एक गोष्ट तिच्याशी बसून ठरवा. न्यू जर्सीत एकविसाव्या वर्षापर्यंत फॉस्टर केअरची केस चालू ठेवता येते. ती ठेवली तर मिळणारा इतर आधार कॉलेजच्या काळात मोलाचा असतो. पण मग टेक्सासमधलं मेडिकेड कोणत्या गटात लिहायचं ते वेगळं ठरतं, म्हणून केस चालू आहे की बंद हे अर्जाआधी केसवर्करकडून लेखी घ्या. केस बंद झाली असेल, तरी तिचा हक्क शाबूत आहे. अठरा पूर्ण होताना ती फॉस्टर केअरमध्ये होती, तेवढं पुरे.

ऑगस्टचा क्रम असा ठेवा. टेक्सासमध्ये राहायचा पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात अर्ज. न्यू जर्सीला स्थलांतराची तारीख कळवा. एका वेळी दोन राज्यांचं मेडिकेड चालत नाही. निर्णयाला पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या मधल्या काळातली बिलं फेकू नका. ती तेव्हा टेक्सासमध्ये राहत होती आणि पात्र होती, तर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा खर्च मागे जाऊन मंजूर होऊ शकतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी हे तीन महिने दोनवर आणले आहेत. कॉलेजही स्वतःचा विमा फीमध्ये जोडत असेल, तर मंजुरीचं पत्र दाखवून ती रक्कम माफ करून घेता येते का विचारा. त्याची मुदत सहसा सत्राच्या सुरुवातीलाच संपते.

एकविशीच्या आत मेडिकेडमध्ये मुलांसाठीच्या सगळ्या सेवा मिळतात: दात, चष्मा, मानसोपचार, तपासण्या. एकविशीनंतर मोठ्यांच्या दातांवर खर्च करायचा की नाही हे राज्य ठरवतं, आणि टेक्सास फारच थोडा करतं. अक्कलदाढा दुखत असतील, रूट कॅनाल राहिलं असेल, तर पहिल्या तीन वर्षांत उरकून घ्यायला सांगा.

नवऱ्याच्या विम्याबद्दल. सव्वीसपर्यंत मुलांना ठेवायची सक्ती कंपन्यांवर आहे. पण फॉस्टर केअरमध्ये राहिलेली आणि आता अठरा पूर्ण झालेली मुलगी त्या ‘मुलां’त बसते का, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं, एचआरकडून लेखी उत्तर घ्या. दत्तक घेतलंत तर ती कायद्याने तुमची मुलगी, मग प्रश्नच नाही. आणि तेव्हाही मेडिकेड सोडायची गरज नाही. दोन्ही असले तर कंपनीचा विमा आधी पैसे देतो, मेडिकेड शेवटी उरलेलं बघतं. दम्याच्या मुलीसाठी ही उत्तम व्यवस्था आहे. तुम्ही दत्तकाचा विचार करताय हे वाचून मला फार आनंद झाला. मेडिकेडच्या भीतीने तो थांबवू नका.

तरी या प्रश्नातच कायद्याची सगळ्यात मोठी फट लपली आहे. तिला अठरा पूर्ण व्हायच्या आधी, समजा साडेसतराव्या वर्षी, तुम्ही दत्तक घेतलं असतं, तर हा सव्वीसपर्यंतचा हक्क तिला मिळाला नसता. कारण अठराव्या वाढदिवसाला ती फॉस्टर केअरमध्ये नसती. दत्तकाच्या बाबतीत कायद्याचं म्हणणं एक वेळ समजू शकते, आता आईवडील आहेत, त्यांच्या विम्यात जा. पण जी मुलं कोर्टाच्या हुकमाने आजीच्या, मावशीच्या पालकत्वाखाली जातात त्यांचं काय?

दोन वर्षांपूर्वी एक आजी नातीला घेऊन आल्या. नात सोळा वर्षांची असताना कोर्टाने तिला आजीकडे सोपवलं, फॉस्टर केअरची केस मिटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता नात एकोणीस वर्षांची होती, फिट्स येत होत्या, आणि मेडिकेड संपलं होतं. आजींनी पर्समधून स्वतःचं लाल-पांढरं-निळं मेडिकेअरचं (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचं) कार्ड काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘यात हिचं नाव घाल.’ मेडिकेअरमध्ये नातीचं काय, पोटच्या लेकराचंही नाव घालता येत नाही. ते ज्याचं त्याचं असतं. तीच नात परक्या घरात अठरा वर्षांपर्यंत राहिली असती, तर तिला आणखी सात वर्षांचा विमा होता. स्वतःच्या माणसांत परत गेली, म्हणून गेला. अशी मुलं घर मिळवून विमा गमावतात. अशा मुलांच्या वकीलबाई मला विचारतात, पालकत्वाचा हुकूम सहा महिने लांबवू का? एका मुलीने घरी जाण्याची तारीख विम्याच्या अटींवर ठरवावी, हे मला अत्यंत चुकीचं वाटतं.

म्हणून तरतूद वाढवायची म्हटलं की माझं म्हणणं अगदी ठाम आहे. किशोरवयात जी मुलं फॉस्टर केअरमध्ये होती आणि पालकत्वात किंवा दत्तक गेली, त्यांनाही सव्वीसपर्यंत घ्या. दरवर्षी अठराव्या वर्षी थेट बाहेर पडणारी मुलं देशभरात साधारण पंधरा ते वीस हजार असतात. त्यात ही मुलं मिळवली तरी मेडिकेडच्या अफाट आकारात हा आकडा दिसतसुद्धा नाही. आणि नोंद पुढे सरकण्याचं काम मुलाकडून काढून राज्याकडे द्या. नव्या राज्यात गेल्यावर जुन्या राज्याच्या यंत्रणेने एक इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवायची, एवढंच. आज ते एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर आणि एका पत्रावर चालतं.

आता अर्जातल्या पत्त्याचं, आणि हे उगाच सांगत नाही. करोनाकाळात कोणाचंही मेडिकेड बंद करायचं नाही असा नियम होता. तो ३१ मार्च २०२३ ला संपला आणि पुढच्या साधारण दीड वर्षात अडीच कोटींच्या वर लोक यादीतून गेले. त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक अपात्र ठरून गेले नाहीत, कागद पोचले नाहीत किंवा परत आले नाहीत म्हणून गेले. माझ्याकडे तेव्हा आलेल्या एका मुलीची नूतनीकरणाची पाकिटं फॉस्टर केअरमधली मुलं एकत्र राहतात अशा एका समूहगृहाच्या पत्त्यावर जात होती. ते समूहगृह बंद झालेलं. पाकिटावर टपालाचं पिवळं स्टिकर लागून ती परत जात होती, आणि मुलगी मात्र तीन गल्ल्या सोडून राहत होती. तेव्हा तुमच्या लेकीच्या अर्जात वसतिगृहाचा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून द्या आणि टपालासाठी तुमच्या घरचा. तिच्या संमतीने तुम्हाला अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमायचा एक फॉर्म असतो, तोही भरा. ती आता प्रौढ आहे. तिच्या सहीशिवाय कार्यालय तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही, आणि ते योग्यच आहे. तिला नको असेल तर आग्रह करू नका.

आणखी एक, पुढची तजवीज. शिक्षण झाल्यावर ती न्यू जर्सीत परत आली तर तिथला कारकून घाईत तिला सर्वसाधारण गरीब प्रौढांच्या गटात टाकू शकतो, कारण तिथे तो गट आहे. पूर्वी याने फारसं बिघडत नव्हतं. पण २०२५ च्या कायद्याप्रमाणे त्या गटाला २०२६ संपल्यापासून दर सहा महिन्यांनी नूतनीकरण आणि महिन्याला ऐंशी तास कामाची किंवा शिक्षणाची अट लागते. सव्वीसच्या आतल्या, फॉस्टर केअरमधून आलेल्या मुलांना कामाच्या अटीतून कायद्यानेच वगळलं आहे; पण वगळायचं तर आधी ती त्या नोंदीत दिसली पाहिजे. मंजुरीच्या पत्रावर गटाचं नाव छापलेलं असतं. ‘माजी फॉस्टर केअर’ असं काही तिथे दिसलं नाही, तर त्याच दिवशी फोन करून दुरुस्त करून घ्यायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पत्राचा फोटो तिच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. रोजच्या गोळीचं रिफिल न्यू जर्सीतच घ्या, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि निदानाचा एक कागद सोबत द्या. आणि तिच्या इन्हेलरच्या पाठीमागच्या खिडकीतला आकडा स्वतः बघा. तीसच्या खाली असेल तर नवा घेऊनच तिला विमानात बसवा.